बावलीत सांडलेलं नाव

पहिल्या दोन हाका चैतीनं रीतीनं मारल्या होत्या. काठाशी उकिडवं बसून, तोंडाभोवती हाताचा आडोसा करून, सूर्यमाळच्या पाड्यावर मारतात तशा. "ए चिंगळे." जरा थांबून पुन्हा, "ए चिंगळे." खालून ओ आली नाही. तिसऱ्यांदा तोंड आपलं आपण उघडलं आणि बाहेर पडलं ते पोरीचं खरं नाव. रविना. तो शब्द त्या भल्या मोठ्या दगडी घशात उतरला, दोन्ही अंगांच्या कमानींना शिवत पायरी पायरी खाली गेला, तळाच्या अंधाराला लागला आणि थोडा वेळ तिथंच थांबला, जसं कुणी हातात घेतलेली वस्तू उलटीपालटी करून बघावी. मग परत वर आला. वर आला तेव्हा तो चैतीच्या आवाजात नव्हता. चैतीनं दोन्ही हात तोंडावर दाबले. भर दुपार होती, मागं दिल्लीच्या गाड्या वाजत होत्या, बावलीच्या, त्या पायऱ्यांच्या जुन्या विहिरीच्या, माथ्यावर वीस-वीस मजल्यांच्या इमारती डोकावत होत्या, आणि चैतीच्या पाठीवरून घाम नव्हे, काहीतरी गार ओघळत होतं. विहिरीला नाव कळलं होतं.

त्यांच्या घरची ही रीत कुणी घातली ते माघीलाही ठाऊक नव्हतं. माघी म्हणजे चैतीची आई. उन्हाळ्यात पाड्याखालची विहीर आटली की पोरीबाळींना तळाशी उतरावं लागे. झऱ्याच्या तोंडाशी बसायचं, वाटीवाटीनं पाणी डब्यात भरायचं, डबा दोरानं वर जायचा. वर काठावर घरचं एक माणूस बसलेलं असायचं. त्याचं काम एकच, हाका मारत राहायचं. खालच्यानं ओ देत राहायचं. दगड सुटला, भोवळ आली, खालची हवा कोंदली, तर ओ थांबते आणि वरच्याला कळतं. एवढं सगळ्या पाड्याचंच होतं. पण माघीच्या घरात त्याला आणखी एक गाठ होती. विहिरीत हाक मारायची ती खऱ्या नावानं मारायची नाही. "तिला नाव कळलं का मग तीच हाक मारती," माघी सांगायची, आणि हे सांगताना तिचा आवाज भीती घालणारा नसे, भाकरी करपते म्हणून सांगावं तसा साधा असे. म्हणून प्रत्येकीला विहिरीपुरतं एक निराळं नाव. चैतीचं कवडी. रविना पहिल्यांदा उतरली तेव्हा माघी म्हातारी झाली होती, पण नातीचं नाव तिनंच ठेवलं, चिंगळी, ओढ्यातल्या झिंग्यासारखी चपळ म्हणून. माघीला जाऊन आता पाच पावसाळे झाले. तिच्याबरोबर कवडी हे नावही गेलं असं चैती धरून चालली होती. त्या नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं, आणि चैतीही नंतर कधी कुठल्या विहिरीत उतरली नव्हती.

तिघं काल दिल्लीला आली होती. रविनाला इथं नर्सिंगला जागा मिळाली होती. मोखाड्याच्या आश्रमशाळेतून दिल्ली, पेढे वाटताना चैती त्याच घरात दोनदा गेली आणि बायांना वाटलं आनंदानं. हॉस्टेलवर सामान टाकून झालं, खाटेवर चैतीनं आणलेली गोधडी अंथरून झाली, आणि संध्याकाळच्या गाडीला अजून उभा दिवस होता. हेमंत म्हणाला, "आलोच हाव तं दिल्ली बघून घेऊ. परत कोण येतंय." हेमंत, चैतीचा नवरा, ठाण्याला दहा-बारा वर्षं बिल्डिंगच्या कामावर होता. लाल किल्ल्याच्या भिंतीला तळहात लावून त्यानं "जोडाई चांगली हाय" असा निकाल दिला. कुतुबमिनाराखाली मान मोडेस्तोवर वर बघून "हेला परांची कशी बांधली आसंल" म्हणाला. बसमधला दिल्ली दाखवणारा माणूस पान खात खात हिंदीत सांगायचा आणि हेमंत त्याचं मायलेकींना मराठी करून द्यायचा. दिल्ली एक नाही, सात आहेत. एक राजा येतो, आधीच्याची दिल्ली सोडून पलीकडं आपली बांधतो. एकानं डोंगराएवढा किल्ला बांधला आणि थोड्याच वर्षांत सगळं गाव उठून गेलं. कुणी म्हणतं पाणी पुरलं नाही, कुणी म्हणतं एका फकिराचा शाप. बसच्या काचेतून त्या पडक्या काळ्या भिंती गेल्या तेव्हा त्यांच्यावर बकऱ्या चरत होत्या. चैतीला आठवले त्यांच्या पाड्यावरचे फाल्गुनातले दरवाजे, कड्या लावलेले, माणसं भिवंडीकडं वीटभट्ट्यांवर गेलेली, आणि ओट्यावर उन्हात विसरलेला एखादा पाटा. राजाचं गाव पाण्यावाचून उठतं, तर आपली पोर इथं कशाच्या जोरावर बसेल, असं तिच्या मनात आलं. पोर खिडकीला नाक लावून हसत होती.

ही सात दिल्ल्यांची गोष्ट चैतीला नवीन नव्हती, हे मात्र हेमंतला ठाऊक नव्हतं. दाभोश्याचे गोकुळबुवा गेल्या हरिनाम सप्ताहात पाड्यावर कीर्तनाला आले तेव्हा कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं, की चैतीची पोर दिल्लीला जाणार. झालं. बुवांनी पूर्वरंगातच दिल्ली उभी केली. बुवांचं असंच, पखवाजावर थाप पडली की जव्हारचं राजवाड्याचं गाव काय आणि दिल्ली काय, त्यांना सगळं एका पावलावर. सात वेळा बसली, सात वेळा उठली, बुवा झांजा थांबवून म्हणाले, राजांनी आपली नावं दगडावर घातली आणि दगड बकऱ्यांना राहिले. मग आवाज अगदी खाली आणून, म्हाताऱ्याकोताऱ्यांना पुढं वाकून ऐकावं लागेल इतका खाली, म्हणाले, "बाबांनो, तुमचं नाव कशावर लिव्हलंय? ते त्याच्या जिभंवर हाय. तो रोज हाका मारतो. आपण ओ देत नाही, एवढंच." मंडपात सगळ्यांचे डोळे भरले. चैतीचेही भरले. कीर्तन हे तिचं माहेर होतं. बुवांच्या पायाचा बुक्का कपाळी लागला की चार-आठ दिवस ती कुणावर रागावत नसे. पण त्या रात्री माळ ओढता ओढता तिच्या मनात एक प्रश्न आला आणि तिथंच काट्यासारखा मोडून राहिला. हाक मारणारा तोच आहे, हे ओळखायचं कसं? दुसऱ्या दिवशी बुवा जीपमध्ये बसेपर्यंत ती दोनदा त्यांच्याजवळ गेली. पाया पडून परत आली. विचारायचं तर आधी ते दुसरं सांगावं लागलं असतं.

ते दुसरं असं, की वैशाखातल्या एका दुपारी चैती विहिरीच्या तळाशी होती, तेरा-चौदा वर्षांची, आणि वरून हाक यायची थांबली. आधी तिला कळलंच नाही. वाटी बुडवायची, डब्यात रिकामी करायची, झरा डोळा उघडझाप करतो तसा भरायचा, ओ तोंडातून सवयीनं निघायची. मग तिच्या लक्षात आलं, की आपण मघापासून कुणालाच ओ देत नाही आहोत. वर आभाळाचा गोल पांढरा. कुणाचं डोकं नाही. "आये," ती म्हणाली. काठावर माघीला उन्हानं भोवळ येऊन ती आडवी झाली होती, हे चैतीला नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळलं, की विहिरीला आता वरचं तोंड नाही. आणि त्या शांततेत, अगदी जवळून, गुडघ्यापाशी झऱ्याच्या फटीतून, माघीच्या आवाजात कुणी म्हणालं, "चैती." प्रेमानं. दमून आलेल्या आईनं म्हणावं तसं. ओठांपर्यंत आलेली ओ चैतीनं कशी गिळली ते तिचं तिला माहीत. आई इथं कधी चैती म्हणत नाही. या एका गोष्टीला धरून ती दगडाला पाठ लावून बसून राहिली, पाण्याला आलेल्या बायांनी वरून आरडाओरडा करीपर्यंत. पुढं बायको झाली, आई झाली, जीपमधून मोखाड्याच्या बाजारात जाताना, नळाखाली हंडा लावताना, केव्हाही ती गुडघ्यापाशी बघायची. विहिरीला आपलं नाव कुणी सांगितलं, हे तिला कधीच कळलं नाही.

त्यामुळं बस या बावलीशी थांबली तेव्हा खरं म्हणजे ती उतरणारच नव्हती. हेमंत दारातूनच आत डोकावला आणि म्हणाला, "दिल्लीला येऊनपण इहीरच बघायची? घरी काय कमी हायत?" तो बॅगा घेऊन बाहेर चहाच्या टपरीवर बसला. रविना मात्र आत पळाली, म्हणून चैती मागोमाग गेली. गल्लीतून आत शिरावं आणि एकाएकी जमीन पायाखालून काढून घ्यावी तसं ते होतं. पायऱ्या, पायऱ्या, नुसत्या पायऱ्या खाली गेलेल्या, दोन्ही अंगांना कमानींवर कमानी, कमानींत पारवे, आणि पार तळाशी, जिथं पाणी असायला हवं तिथं एक काळं तोंड. बसमधल्या त्या पान खाणाऱ्या माणसानं सांगितलं, ही कुणी बांधली ते नक्की कुणाला ठाऊक नाही, अग्रसेन राजाचं नाव घेतात. पाणी आटलंय. पण पूर्वी तळाला काळं पाणी होतं म्हणतात, आणि ते पाणी माणसाला बोलवायचं. माणूस पायरी पायरी खाली जायचा आणि परत यायचा नाही. तो हसला, बसमधली माणसं हसली. कुणीतरी फोन वर करून व्हिडिओ काढला. चैती हसली नाही. तिला वाटलं, इतकी वर्षं हे मलाच माहीत आहे असं मी समजत होते, आणि इथं ते भर रस्त्यात पान खात सांगतात.

"मी तळाला जाऊन फोटो काढून येते," रविना म्हणाली.

"नको बाय."

"आये, सगळी जातात. ती बघ, म्हातारीपण जाती."

"मग मी वर बसते. ओ देशील?"

रविना तिच्याकडं बघून हसली. त्या हसण्यात थट्टा होती, जराशी लाजही होती. काल हॉस्टेलवर भेटलेल्या पोरींपुढं हे सांगावं लागलं तर कसं दिसेल, अशी. "इथं कोण ओ देतं गं," म्हणाली आणि उतरलीसुद्धा. केशरी ओढणी दहाव्या-बाराव्या पायरीपर्यंत दिसली. मग एका कमानीआड गेली. चैती काठाशी उकिडवी बसली. काठावर बसलेल्यानं जागा सोडायची नसते. पारवे घुमत होते. केशरी ओढणी बाहेर येईना. इथं पडलं तर कोण बघणार, हॉस्टेलच्या खोलीत रात्री ताप चढला तर वरून कोण विचारणार, हे गाव तर नुसती उठून जाणारी माणसं, असं एकामागून एक पायऱ्यांसारखं मनात उतरत गेलं आणि दोन हाका झाल्या, आणि तिसरीला नाव निसटलं.

तेवढ्यावर निभावलं असतं. पण त्याच वेळी शाळेतली पोरं आली, निळ्या गणवेशाची, सहलीची, बाईंच्या मागं दोघा-दोघांच्या रांगेत. चैतीची हाक आणि खालून आलेला तिचा पडसाद त्यांनी ऐकला होता. एक पोरगा पुढं झाला आणि त्यानं गंमत म्हणून तसंच ओरडून बघितलं, "रविनाऽऽ". बावलीनं त्याला ते परत दिलं. पोरं खिदळली. मग दोन ओरडले, मग दहा, मग सगळीच, आणि ते नाव त्या घशात उड्या घेत खाली जाऊ लागलं, कमानीतनं पारवे फडफडून उठले, रविना, रविना, रविना, वरून खाली आणि खालून वर, कुठलं पोरांचं आणि कुठलं तिचं हे कळेनासं झालं. "नको रे बाबांनो," चैती म्हणाली. मराठी कुणाला कळणार. तिनं एका पोराचा हात धरला तर ते भ्यालं. पहारेकरी शिट्टी वाजवत आला. "अम्माजी, चिल्लाना मना है. बच्चों को आपने ही सिखाया." चैतीनं खाली बोट दाखवलं. "मेरी लडकी. नीचे." तो म्हणाला, "तो फोन करो ना." फोन रविनापाशी होता, दुसरा बाहेर हेमंतपाशी. आणि विहिरीत फोन करून काय होणार, हे त्याला कोणत्या भाषेत सांगावं? बाई पोरांना दटावत होत्या. दटावलेली पोरं आता रांगेनं खाली उतरू लागली आणि पायऱ्या निळ्या होऊन गेल्या.

काठ सोडायचा नाही, हे चैतीच्या हाडात होतं. माघी भोवळ येऊनही काठावरच पडली होती, तिथून हलली नव्हती. पण काठ धरून बसायचं ते खालच्याचं नाव राखायला, आणि नाव तर आता राहिलंच नव्हतं. नाव आपण सांडलं. सांडलेलं आपणच भरायचं, दुसरं कोण भरणार. ती उठली. लुगड्याचा ओचा वर खोचला, घरी खोचायची तसा, आणि डाव्या अंगानं भिंतीला हात लावत उतरू लागली. पोरांचे घामट वास, दप्तरांचे धक्के, मध्येच कुणाच्या तरी मोबाईलवर नाचाचं गाणं. कमानीकमानीत ती डोकावत होती. एकीत जोडपं, एकीत झोपलेला कुत्रा, एकीत कुणी नाही. केशरी कुठं नाही. जसजशी खाली जावी तसतसा गाड्यांचा आवाज विरत गेला आणि हवा जुनी होत गेली. वटवाघळांच्या विष्ठेचा वास आला. मग तोही ओळखीचा वाटला. पायांना पायरी न बघता कळू लागली. दिल्ली वर राहिली, सातच्या सात वर राहिल्या, आणि खाली ही एकच विहीर, सूर्यमाळची काय आणि इथली काय, जमिनीच्या आत सगळ्या एकमेकींना लागलेल्या असतील, एकीला कळलेलं दुसरीला कळत असेल.

तळाशी लोखंडी जाळी होती. पलीकडं गोल विहीर, वर कुठंतरी उजेडाचा मळकट तुकडा, खाली हिरवट ओल आणि प्लास्टिकच्या बाटल्या. रविना तिथं नव्हती. वर पहारेकऱ्याची शिट्टी झाली, पोरं मागं वळून धावली आणि तळाशी एकाएकी कुणी उरलं नाही. चैतीनं जाळीला दोन्ही हात लावले. लोखंड थंड होतं. कीर्तनात बुवा सांगतात तसा धावा करावा असं मनात आलं, पण देवाचं नाव जिभेवर येईना. इथं ते घ्यावं की नाही, हेच तिला कळेना. शेवटी ती बोलली ती देवाशी नव्हे. शेजारणीकडून चुकून गेलेलं भांडं मागावं तसं बोलली.

"ते पोरीचं नाव परत कर. माझ्या तोंडातून चुकून पडलं. तुला नावच पायजे तं हे घे. चैती. लाडक्याची लेक चैती, सूर्यमाळची. मी देते म्हणून घे. पोरीचं नको."

बोलून झाल्यावर तिनं कान जाळीला लावला. आतून काही आलं नाही. एक थेंब कुठंतरी पडला. आणि मग, जाळीच्या पलीकडून, गुडघ्याच्या उंचीवरून, दमून आलेल्या आईच्या आवाजात, प्रेमानं: "चैती."

दगडाचा पडसाद असेल. आपलंच बोलणं उशिरा परत आलं असेल. चैतीनं स्वतःला हे सांगितलं आणि ते तिला पटलंही, पण गळ्याला पटेना. गळ्यात ओ तयार होती, तीस वर्षांपूर्वी गिळलेली तीच, पिकून गोड झालेली. माघीचाच आवाज होता. कदाचित माघीच असेल. कदाचित तो असेल, जो रोज हाक मारतो आणि ज्याला आपण ओ देत नाही. द्यावी का? दिली की सुटलो. पोर सुटेल, आपण सुटू, ती संध्याकाळची गाडी, ते रिकाम्या हातानं इगतपुरीला उतरणं, जीपमध्ये मधल्या सीटवर पोरीची जागा मोकळी, काहीच नको. तिनं तोंड उघडलं.

"ए कवडे."

हाक वरून आली. पार वरून, जिथं काठ होता तिथून. तरणी हाक, थोडी धाप लागलेली. चैतीनं मान वर केली. पायऱ्यांच्या त्या लांब उतरणीच्या टोकाला, आभाळाच्या कडेशी, एक केशरी ठिपका उकिडवा बसलेला होता, दोन्ही हात तोंडाशी धरून. पोर कुठल्या तरी कमानीतून निळ्या रांगेच्या पलीकडल्या अंगानं वर गेली असावी, काठावर आई दिसली नाही, आणि मग खाली तळाशी ओचा खोचलेली बाई दिसली असावी. पहारेकरी तिच्याशी काहीतरी बोलत होता, बसमधली माणसं बघत होती, कुणी फोन वर केला होता. ती तिथून हलली नाही.

"ए कवडेऽऽ."

म्हणजे माघीनं नातीच्या हाती कवडी हे नाव देऊन ठेवलं होतं. चैती उतरली तर हाक कुणी मारायची, याचा विचार म्हातारीनं तेव्हाच करून ठेवला होता, आणि पोरीनं ते आश्रमशाळेतून, बारावीतून, थेट इथवर न सांगता आणलं होतं.

"ओ," चैती म्हणाली. पहिल्यांदा आवाजच फुटला नाही. मग फुटला. "ओ."

तिच्या पाठीमागूनही एक ओ आली, किंचित उशिरा. चैतीनं मागं बघितलं नाही. जाळीवरचे हात सोडवून घेतले, भिंत धरली आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला. वरून तिसरी हाक आली. तिनं ओ दिली. मागून दुसरी ओ आली. पायरी चढली. हाक आली. पोर आता थांबत नव्हती, श्वास घ्यायलाही थांबत नव्हती, आणि चैती ओ देत, मागचं ऐकत, वरचं ऐकत, मागच्यापेक्षा मोठ्यानं ओ देत चढत राहिली.